मांजराचा एफआयव्ही आणि माणसाचा एचआयव्ही: लागण कशी होते, कशी होत नाही आणि ती कशी टाळावी

मांजराच्या रक्ततपासणीत एफआयव्ही, म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, आढळल्याचे पशुवैद्याने सांगितले की घरातल्यांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. हे आपल्याला होईल का, हा पहिला, आणि घरातल्या दुसऱ्या मांजराला होईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ या एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या दोन मांजरांचे आपसांत कसे पटते यावर अवलंबून असते, आणि ते नीट द्यायचे तर हे विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेमके कोणत्या वाटेने जातात हे समजून घ्यावे लागते. ती वाट समजली की मांजर असो वा माणूस, कोणत्या प्रसंगी घाबरायचे, कोणत्या प्रसंगी नाही आणि काय खबरदारी घ्यायची हे बहुतेक वेळा आपले आपल्याला ठरवता येते.

एफआयव्ही आणि माणसाचा एचआयव्ही हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. रेट्रोव्हायरस कुळातील लेंटीव्हायरस या शाखेत ते मोडतात. या शाखेतले विषाणू शरीरात शिरल्यावर पेशींच्या जनुकद्रव्यात आपली प्रत मिसळून टाकतात आणि वर्षानुवर्षे फारसा गाजावाजा न करता रोगप्रतिकारशक्ती पोखरत राहतात. एचआयव्ही १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वेगळा काढण्यात आला. एफआयव्हीचा शोध १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी लावला. पेटालुमा या गावी एकत्र पाळलेल्या मांजरांच्या एका मोठ्या समूहात प्रतिकारशक्ती ढासळल्याची लक्षणे दिसत होती, पण तोवर माहीत असलेला मांजरांचा ल्युकेमिया विषाणू मात्र त्यांच्यात सापडत नव्हता. त्या कोड्याचा पाठपुरावा करताना हा नवा विषाणू हाती लागला.

माणसाला मांजराकडून का होत नाही

पेशीत शिरण्यासाठी विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावरचे विशिष्ट प्रथिन पकडावे लागते. एचआयव्ही माणसाच्या पेशीवरील सीडी४ हे प्रथिन पकडतो आणि त्याच्या जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एकाची मदत घेतो. एफआयव्ही मात्र मांजराच्या पेशीवरील सीडी१३४ पकडतो. माणसाच्या पेशींवरही सीडी१३४ असते, पण त्याची घडण एवढी निराळी आहे की एफआयव्हीला ते पकडता येत नाही. समजा एखादा विषाणू तरीही आत शिरलाच, तरी पेशीच्या आत परक्या विषाणूंना अडवणारी प्रथिने असतात आणि ती प्रत्येक प्राण्यात वेगवेगळी असतात. मांजरांचे चावे आणि ओरखडे पशुवैद्यांच्या तर रोजच्याच कामाचा भाग असतात, तरीही एफआयव्हीची लागण माणसाला झाल्याचे एकही उदाहरण नोंदलेले नाही. उलट दिशेनेही तेच खरे आहे. एचआयव्ही मांजराला होत नाही.

चिकित्सक वाचक इथे एक शंका काढेल आणि ती रास्त आहे. एचआयव्ही मुळात प्राण्यांतूनच माणसात आला, मग मांजराचा विषाणू का येणार नाही? एचआयव्ही-१ हा आफ्रिकेतील चिंपांझींमधून आला, तर एचआयव्ही-२ हा सूटी मँगबे या माकडांमधून. शिकार केलेल्या प्राण्याचे रक्त जखमेवाटे माणसाच्या रक्तात मिसळणे हा त्यामागचा सर्वाधिक संभाव्य मार्ग मानला जातो. चिंपांझी आणि इतर वानर हे उत्क्रांतीच्या दृष्टीने आपले निकटचे नातलग असल्याने त्यांच्या पेशींवरील प्रथिने आपल्या प्रथिनांशी बरीच मिळतीजुळती असतात. मांजर त्या मानाने फार दूरचे. माणूस आणि मांजर हजारो वर्षे एका छपराखाली राहिले, रोज एकमेकांना ओरबाडत आणि चाटत राहिले, तरी ही उडी पडलेली नाही. मांजरकुळातल्याच सिंह आणि प्यूमा यांनाही त्यांचे त्यांचे स्वतंत्र एफआयव्ही आहेत.

जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट अशी की, २०११ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शास्त्रज्ञांनी माकडातील एक विषाणूरोधक जनुक मांजरांत घातले आणि त्या मांजरांच्या पेशी एफआयव्हीला दाद देत नाहीत असे पाहिले. मांजराच्या विषाणूचा अभ्यास माणसाच्या विषाणूसाठी कसा उपयोगी पडतो याचे ते चांगले उदाहरण आहे.

धोका जोखायचा कसा: तीन प्रश्न

कोणताही प्रसंग समोर आला की क्रमाने तीन गोष्टी विचाराव्यात. कोणता द्रव आला, तो शरीरात शिरायला कोणती वाट मिळाली आणि त्या द्रवात विषाणू किती होता. तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या तरच लागण संभवते. यांतली एकही अट तुटली तर लागण होत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा स्राव, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि अंगावरचे दूध एवढ्याच द्रवांत लागण करण्याइतका विषाणू असतो. लाळ, घाम, अश्रू आणि लघवी यांत तो नसतो किंवा नगण्य असतो, आणि लाळेत तर त्याला निष्प्रभ करणारे घटकही असतात. म्हणून एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, हस्तांदोलनाने, मिठी मारल्याने किंवा शिंकेने एचआयव्ही होत नाही. डासाचे उदाहरण या तीन प्रश्नांवर घासून पाहण्यासारखे आहे. डास रक्त पितो, तेव्हा पहिली अट पुरी झाली असे वाटते. पण पुढच्या माणसाला चावताना तो आधी प्यालेले रक्त आत सोडत नाही, स्वतःची लाळ सोडतो, आणि डासाच्या शरीरात एचआयव्ही वाढत नाही, त्याच्या पोटात तो पचून जातो. म्हणजे वाट आहे, पण तिच्यातून येणाऱ्या द्रवात विषाणूच नाही.

एफआयव्हीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते आणि सगळा फरक तिथून पडतो. लागण झालेल्या मांजराच्या लाळेत विषाणू असतो. तरी नुसती लाळ पुरत नाही, कारण धडधाकट कातडीतून किंवा तोंडातल्या शाबूत अस्तरातून हा विषाणू सहजासहजी आत जात नाही. त्याला वाट मोकळी करून देतो तो सुळा. मांजराचे सुळे बारीक, लांब आणि अणकुचीदार असतात, त्यामुळे चाव्याबरोबर लाळ थेट स्नायूपर्यंत खोल टोचली जाते. म्हणूनच एफआयव्ही हा प्रामुख्याने भांडणाऱ्या मांजरांचा आजार आहे. हद्दीवरून आणि माजावर आलेल्या भाटीवरून झुंजणारे, निर्बीजीकरण न झालेले, मोकाट फिरणारे प्रौढ बोके त्यात सर्वाधिक सापडतात. भाट्यांमध्ये आणि घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांमध्ये त्याचे प्रमाण कितीतरी कमी असते.

एकाच वाडग्यातून पाणी पिणे, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपणे किंवा एकमेकांना चाटणे यांतून एफआयव्ही पसरण्याची शक्यता फार थोडी असते. समागमातून तो नैसर्गिकरीत्या पसरतो असे सहसा दिसत नाही, जरी बाधित बोक्याच्या वीर्यात विषाणू आढळू शकतो. आईकडून पिल्लांना लागण होऊ शकते, पण तीही विरळाच, आणि भाटीला गाभण असताना नव्यानेच लागण झाली असेल तर तिची शक्यता वाढते. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही. साबण आणि नेहमीची जंतुनाशके त्याला पुरेशी आहेत, त्यामुळे घर धुऊन काढण्याची किंवा अंथरुणे फेकून देण्याची गरज नसते.

मांजर पाळणाऱ्यांचा मोठा गोंधळ इथे होतो तो ल्युकेमिया विषाणू, म्हणजे एफईएलव्ही, याच्याशी. तोही रेट्रोव्हायरसच आहे, पण दुसऱ्या शाखेतला. तो मैत्रीतून पसरतो. परस्परांना चाटणे, एका भांड्यात खाणे, आईने पिल्लांना चाटणे एवढ्यानेही त्याची लागण होऊ शकते. दवाखान्यात दोन्हींची तपासणी बहुधा एकाच किटवर होते आणि घरी येईपर्यंत कोणते पॉझिटिव्ह होते याचा विसर पडतो. अहवाल हाती घेताना नाव नीट वाचून, शक्य तर लिहून घ्यावे, कारण मांजरे वेगळी ठेवायची की नाही याचा निर्णय त्या नावावर फिरतो.

चावा शोधणे आणि तपासणी करणे

भांडून आलेल्या मांजराच्या अंगावर रक्त दिसेलच असे नाही. सुळ्याने पडलेले भोक टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि केसांखाली ते एखाद्या दिवसात मिटूनही जाते. मांजर शांत असताना बोटांनी केस उलटे करत गाल, मान, पुढचे पाय आणि शेपटीचे मूळ चाचपावे. समोरासमोर झुंजलेल्या मांजराला चावे पुढे असतात, पळून आलेल्याला मागे. एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन लहान खपल्या हाताला लागल्या, तर तो चावा समजावा. दोन-चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी सूज येऊन गळू झाले, मांजर मलूल झाले आणि खाईनासे झाले, तर पशुवैद्याकडे न्यावे. गळवावर लगेच उपचार होतात, पण एफआयव्हीची तपासणी त्याच दिवशी करून भागत नाही.

कारण नेहमीची तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून चाव्यानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी निदान ६० दिवसांनी ती पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी, विशेषतः मांजर निरोगी दिसत असेल आणि कधी घराबाहेर पडले नसेल तर. सहा महिन्यांखालील पिल्लाच्या बाबतीत आणखी सबुरी हवी. आईची प्रतिपिंडे दुधावाटे पिल्लात येतात आणि विषाणू नसतानाही तपासणी पॉझिटिव्ह दिसते. अशा पिल्लाची तपासणी सहा महिन्यांचे झाल्यावर पुन्हा करायची असते, पहिल्या निकालावरून त्याचे भवितव्य ठरवायचे नसते. लसीमुळेही असाच घोळ होई. अमेरिकेत २००२ मध्ये एफआयव्हीवर एक लस मंजूर झाली होती, पण लस दिलेली मांजरे नेहमीच्या तपासणीत पॉझिटिव्ह दिसत आणि विषाणूच्या सर्व प्रकारांपासून संरक्षणाची खात्री नव्हती. पुढे अमेरिकेत ती बाजारातून गेली.

बाधित मांजर घरात असेल तर

पहिले काम निर्बीजीकरणाचे. बोक्याची भांडखोर वृत्ती आणि भटकंती त्याने बरीच उतरते, आणि लागणीची वाटच बंद करणारा याहून स्वस्त आणि परिणामकारक उपाय मला ठाऊक नाही. दुसरे, बाधित मांजराला बाहेर मोकळे सोडू नये. त्यात शेजारच्या मांजरांचे रक्षण आहेच, पण त्या मांजराचे अधिक आहे, कारण बाहेरचे इतर जंतू त्याच्या दुबळ्या प्रतिकारशक्तीला झेपत नाहीत. कच्चे मांस देऊ नये, हिरड्या आणि दात नियमित तपासून घ्यावेत आणि दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडे वजन करावे. नीट सांभाळलेली बाधित मांजरे पुष्कळदा अनेक वर्षे ठणठणीत राहतात. केवळ तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला कायमचे झोपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातली मांजरे एकत्र ठेवायची का, हे ठरवताना आठवडाभर त्यांच्याकडे बारकाईने पाहावे. एकमेकांना चाटणारी, एका गादीवर झोपणारी, खेळात पंजा मारला तरी नखे आत ठेवणारी मांजरे एकत्र राहू शकतात. कान मागे पाडून गुरगुरणे, दुसऱ्याचा रस्ता अडवून बसणे, खाण्याच्या भांड्याजवळ झडप घालणे, झटापटीनंतर केसांचे झुपके जमिनीवर दिसणे ही चाव्यापर्यंत जाणाऱ्या वैराची लक्षणे आहेत. अशा मांजरांना स्वतंत्र खोल्या द्याव्यात. नवे मांजर आणताना तर ही खबरदारी अधिकच हवी, कारण आजवर गुण्यागोविंदाने नांदणारी मांजरेही नव्या पाहुण्यामुळे बिथरतात. नव्या मांजराला आधी तपासून घ्यावे, मग काही दिवस बंद दाराआड ठेवावे, दोघांची अंथरुणे अदलाबदल करून वासाची सवय होऊ द्यावी, दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्यावे आणि दोघेही निवांत खाऊ लागले की मगच आपल्या देखत थोडा थोडा वेळ समोर आणावे. प्रत्येकाचे खाण्याचे भांडे, शी-शूचा ट्रे आणि उंचावरची बसायची जागा वेगळी असली की भांडणाची निम्मी कारणे संपतात.

माणसांच्या बाबतीत

एचआयव्हीच्या तीन मुख्य वाटा म्हणजे लैंगिक संबंध, रक्त आणि आईकडून बाळाला. तिन्हींतला धोका सारखा नसतो. बाधित रक्त चढवले गेले तर दहातल्या नऊहून अधिक जणांना लागण होते, म्हणूनच दात्याचे रक्त तपासल्याशिवाय वापरू नये हा नियम आहे. याउलट, दवाखान्यात काम करताना बाधित व्यक्तीला वापरलेली सुई चुकून टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लैंगिक संबंधांत कंडोमशिवायचा गुदसंभोग, त्यातही स्वीकारणाऱ्या जोडीदारासाठी, सर्वाधिक जोखमीचा ठरतो. योनिसंभोगातला धोका त्याहून कमी असला तरी तो वारंवारच्या संबंधांतून साठत जातो. लैंगिक आजारांमुळे झालेले व्रण आणि सूज विषाणूला वाट देतात, त्यामुळे त्यांचे उपचार हाही एचआयव्ही टाळण्याचाच भाग आहे. नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे ही रक्ताची वाट आजही उघडीच आहे. गोंदवताना किंवा कान टोचताना सुई नवी, आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढलेली असावी.

आईने कोणतेही उपचार घेतले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. आईने गरोदरपणातच औषधे सुरू करून ती चालू ठेवली आणि बाळालाही जन्मानंतर औषध दिले, तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. यासाठी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणी व्हायला हवी.

तिसरा प्रश्न, म्हणजे विषाणू किती, याने गेल्या काही वर्षांत सगळे चित्र पालटले. औषधे नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात झालेल्या पार्टनर या अभ्यासाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात एक जण बाधित आणि एक जण निरोगी अशा समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध आले, पण उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही एचआयव्ही झाला नाही. रोज गोळी घेणे हे जसे स्वतःच्या प्रकृतीसाठी आहे तसेच ते प्रतिबंधाचे साधनही आहे. मात्र ही गोष्ट स्तनपानाला किंवा सुई वाटून घेण्याला तशीच्या तशी लावू नये. त्याबाबत डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे.

धोक्याचा प्रसंग घडून गेला असेल, उदाहरणार्थ कंडोम फाटला, सुई टोचली किंवा बळजबरी झाली, तर जखम साबण-पाण्याने धुवावी, ती पिळू नये आणि तिच्यावर तीव्र रसायने ओतू नयेत. मग ताबडतोब रुग्णालय गाठावे. लागण रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके बरे, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. सकाळी पाहू, असे म्हणत रात्र घालवणे इथे महागात पडू शकते. ज्यांना असा धोका वारंवार संभवतो त्यांच्यासाठी आधीपासून घेण्याची प्रतिबंधक औषधेही उपलब्ध आहेत. प्रसंगानंतरच्या तपासणीलाही मांजराच्या तपासणीसारखीच वाट पाहावी लागते. प्रयोगशाळेत प्रतिजन (म्हणजे विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी तपासणी साधारणतः १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. मधल्या काळात निकाल निगेटिव्ह आला तरी कंडोम सोडू नये आणि रक्तदान करू नये.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने मांजर पाळावे का

पाळावे, आणि मांजराला एफआयव्ही असला तरीही पाळावे. इथे चिंता करायची ती या दोन विषाणूंची नव्हे, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात, विशेषतः सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची, संख्या रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे १०० च्या खाली गेली असता, तो मेंदूपर्यंत जाऊन गंभीर आजार घडवतो. मांजराच्या विष्ठेतून पडणारी त्याची अंडी लागण करण्याच्या स्थितीला येण्यास एक ते पाच दिवस घेतात, म्हणून शी-शूचा ट्रे दररोज साफ केला तर धोका मोठ्या प्रमाणात टळतो. हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी, गरोदर स्त्री सोडून, केले तर उत्तम, आणि स्वतः करावे लागले तर हातमोजे घालून करावे व नंतर हात धुवावेत. मांजराला शिकार करू देऊ नये, पिसवांवर औषध द्यावे, कारण ओरखड्यांतून होणारा बार्टोनेला या जिवाणूचा संसर्ग पिसवांमुळेच मांजरांत पसरतो, आणि अंगावरच्या उघड्या जखमा मांजराला चाटू देऊ नयेत. मांजर चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तिथे विचार करायचा तो रेबीजचा आणि चाव्यातून खोल गेलेल्या जिवाणूंचा.